जिथे रूळ संपत, तिथे गाडी वळे

आयर्लंडच्या वायव्य कोपऱ्यातल्या डोनेगल काउंटीत आज देशाच्या रेल्वेजाळ्याला जोडलेला एकही मार्ग नाही. डब्लिनहून रेल्वेने निघालेला प्रवासी स्लायगोपर्यंत येतो, बेलफास्टहून निघालेला डेरीपर्यंत. तिथून पुढे बस नाहीतर मोटार. पण शंभर वर्षांपूर्वी याच डोंगराळ, दलदलीच्या आणि गरीब मुलखात तीन फुटी नॅरोगेजचे सुमारे १२५ मैल, म्हणजे २०० किलोमीटर रूळ पसरले होते. काउंटी डोनेगल रेल्वेचे हे जाळे आयर्लंडमधले सर्वांत मोठे नॅरोगेज जाळे होते. त्याच्या पश्चिमेकडच्या फाट्याचे शेवटचे स्थानक किलीबेग्ज. तिथवरचा मार्ग १८ ऑगस्ट १८९३ रोजी सुरू झाला आणि ३१ डिसेंबर १९५९ रोजी बंद झाला. या स्थानकाचे मॉडेल करायचे मी ठरवले होते आणि हा प्रवास त्यासाठीच होता.

शाखामार्गाचे शेवटचे स्थानक हा मॉडेल करणाऱ्यांचा जुना, आवडता विषय आहे. जागा थोडी लागते आणि रेल्वेची बहुतेक सगळी कामे तेवढ्यात दिसतात: गाडी येते, इंजिन सुटते, मालडबे वेगळे होतात, गाडी पुन्हा जोडून परत निघते. टर्नटेबल, म्हणजे गाडी उलट तोंडाला फिरवणारा फिरता पूल, मात्र पुष्कळ मॉडेलांत शोभेसाठी ठेवलेले असते. किलीबेग्जला ते तसे ठेवताच येत नाही. या रेल्वेने आपल्या शेवटच्या तीस वर्षांत प्रवाशांसाठी ज्या मोटारगाड्या रुळांवर चालवल्या, त्या जवळजवळ सगळ्या एकाच तोंडाच्या होत्या, म्हणजे ड्रायव्हरची जागा एकाच टोकाला. टर्नटेबल नसते तर किलीबेग्जला आलेल्या गाडीला सरळ तोंडाने परत जाता आले नसते. म्हणून माझ्या दृष्टीने या स्थानकाचे मॉडेल म्हणजे आधी टर्नटेबल आणि मग त्याच्याभोवती बाकीचे सगळे.

प्रवासाची आखणी त्याच अंगाने केली. पाहायची बरीचशी वाहने आज आहेत उत्तर आयर्लंडमध्ये, स्थानकाची जागा प्रजासत्ताकात, म्हणजे सीमा ओलांडणे आलेच. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ब्रिटन आणि आयर्लंड यांच्या संयुक्त योजनेखालचा व्हिसा असेल तर एकाच व्हिसावर दोन्हीकडे जाता येते, पण ज्या देशाने तो दिला त्या देशात आधी उतरावे लागते.

सुरुवात केली डब्लिनच्या उत्तरेला असलेल्या मालाहाइडपासून. तिथे गवती छपराच्या एका जुन्या बंगलीत ‘कसिनो मॉडेल रेल्वे म्युझियम’ आहे आणि त्यात सिरिल फ्राय यांनी हाताने घडवलेली आयरिश इंजिने आणि डबे काचेआड मांडले आहेत. फ्राय हे रेल्वेत ड्राफ्ट्समन होते. मूळ आराखडे हाताखालून जाणाऱ्या माणसाची नजर त्या कामात जागोजागी दिसते. रिव्हेटची ओळ जिथे संपायला हवी तिथेच संपते आणि पायरीचा पत्रा जितका पातळ हवा तितकाच पातळ असतो. पुण्याच्या कोथरूडमधले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा आनंद समजावून सांगायला नको. तिथे गाड्या धावताना बघायच्या, इथे एकेक वाहन थांबून वाचायचे.

मालाहाइडमध्येच मापांचा हिशेब पक्का केला. आयर्लंडचे ब्रॉडगेज ५ फूट ३ इंचांचे आहे. आपल्याकडचे ५ फूट ६ इंचांचे, इंग्लंडचे ४ फूट साडेआठ इंचांचे. १८३० आणि १८४०च्या दशकांत आयर्लंडमध्ये प्रत्येक कंपनीचा सवतासुभा होता. डब्लिन–किंग्जटाउन मार्गाने इंग्लंडचे माप घेतले, अल्स्टर रेल्वेने ६ फूट २ इंच, तर डब्लिन–ड्रॉइडा मार्गाने ५ फूट २ इंच. शेवटी ५ फूट ३ इंच हे माप ठरले आणि १८४६च्या कायद्याने ते पक्के झाले. पण पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात एवढा रुंद मार्ग घालण्याइतकी मिळकत नव्हती. तिथे तीन फुटी मार्ग आले. वळणे तीव्र घेता येत, पूल लहान पुरत, जमीन थोडी लागे. १८८९च्या लाइट रेल्वे कायद्याखाली सरकारने अशा मार्गांना पैसा दिला. डोनेगल गाव ते किलीबेग्ज हा १९ मैलांचा फाटा त्याच कायद्यातून उभा राहिला.

आता मॉडेलचे गणित. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये मॉडेलांची प्रमाणे बहुधा ‘एका फुटाला इतके मिलिमीटर’ अशी सांगतात. फुटाला ४ मिलिमीटर धरले तर सव्वापाच फुटी ब्रॉडगेज बरोबर २१ मिलिमीटरचे होते. फुटाला ७ मिलिमीटर धरले तर तीन फुटी नॅरोगेजही बरोबर २१ मिलिमीटरचेच होते. म्हणजे डब्लिनची मेल आणि डोनेगलची छोटी गाडी, दोन वेगळ्या प्रमाणांत, एकाच मापाच्या रुळावर धावू शकतात! तिसरी वाट साडेपाच मिलिमीटरची. त्यात तीन फुटी गेज साडेसोळा मिलिमीटरचे होते आणि बाजारात सर्वत्र मिळणाऱ्या तयार मॉडेलांची चाके वापरता येतात. मी सात मिलिमीटरचे प्रमाण घेतले, म्हणजे मूळ वस्तूचा साडेत्रेचाळीसावा भाग. या प्रमाणात शंभर मीटरच्या यार्डाला २ मीटर ३० सेंटिमीटर जागा लागते. घरातल्या एका भिंतीवर ते मावते, आणि वाहन एवढे मोठे होते की त्यातली यंत्रणा दाखवता येते.

यंत्रणा पाहायची तर कल्ट्राला जायला हवे. बेलफास्ट–बँगोर लोकल मार्गावर कल्ट्रा नावाचा छोटा थांबा आहे आणि त्याला लागूनच अल्स्टर ट्रान्सपोर्ट म्युझियम. मोठमोठ्या ब्रॉडगेज इंजिनांच्या शेजारी डोनेगलची छोटी वाहने उभी आहेत. त्यांच्यात फिरताना एका गरीब रेल्वेने टिकून राहण्यासाठी काय काय केले ते क्रमाने समोर येते.

पहिला मान क्रमांक एकच्या रेलकारचा. १९०७च्या सुमारास रुळांच्या पाहणीसाठी घेतलेली ही पेट्रोलवरची छोटी मोटार. १९२६मध्ये ब्रिटनमध्ये कोळसा खाणींचा संप झाला आणि बाहेरून येणाऱ्या कोळशावर जगणारी आयर्लंडची रेल्वे अडचणीत आली, तेव्हा या गाडीला टपाल नेण्याच्या कामाला लावले. त्या वेळी रेल्वेचा कारभार हेन्री फोर्ब्स यांच्याकडे होता. १९१०पासून १९४३पर्यंत त्यांनी ही रेल्वे चालवली. प्रवासी थोडे असतील तर त्यांच्यासाठी वाफेचे इंजिन तापवणे परवडत नाही, ही गोष्ट त्यांनी मनावर घेतली. १९२६मध्येच त्यांनी यॉर्कशरच्या डरवेंट व्हॅली लाइट रेल्वेकडून फोर्डच्या दोन जुन्या रेलबस घेतल्या आणि त्यांची चाके तीन फुटी मापाची करून घेतली. १९३१मध्ये आली क्रमांक सातची डिझेल रेलकार. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये नियमित प्रवासी सेवेत डिझेल रेलकार आणण्याचा पहिला मान या कोपऱ्यातल्या नॅरोगेजचा आहे. तिचा सांगाडा स्ट्रॅबेनच्या ओडोहर्टींच्या कारखान्यात झाला आणि जुळणी ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या डन्डॉक कारखान्यात.

१९३४च्या क्रमांक बारापासून रचना बदलली. विगनच्या वॉकर ब्रदर्सनी पुढचा भाग स्वतंत्र केला: त्यात गार्डनरचे डिझेल इंजिन, ड्रायव्हर आणि चालती चाके. मागे प्रवाशांचा डबा त्याला सांध्याने जोडलेला. वळण घेताना दोन्ही भाग आपापल्या परीने वळत, त्यामुळे वेड्यावाकड्या मार्गावर गाडी सहज चाले. १९५१च्या क्रमांक वीसपर्यंत हीच रचना सुधारत गेली. ड्रायव्हरची जागा मात्र एकाच टोकाला राहिली. दुसऱ्या टोकाला पुन्हा केबिन, पुन्हा सगळे दांडे आणि नळ्या बसवायच्या तर खर्च वाढणार, वजन वाढणार. टर्नटेबले तर बहुतेक टोकांना होतीच. तेव्हा गाडी दोन तोंडांची करण्यापेक्षा ती फिरवणे स्वस्त होते.

कल्ट्रामध्येच या नियमाला असलेला अपवाद उभा आहे. क्रमांक तीन ही ड्र्यूरीची पेट्रोल रेलकार मुळात डब्लिन–ब्लेसिंग्टन ट्रामवेसाठी केलेली. तिला दोन्ही टोकांना केबिन. १९३४मध्ये ती डोनेगलला आली आणि १९४४मध्ये तिचे इंजिन काढून तिला मागे जोडायचा साधा डबा करण्यात आले. उलट बाजूचा पुरावा आयरिश समुद्रातल्या आइल ऑफ मॅन बेटावर मिळतो. डोनेगलची रेल्वे बंद पडल्यावर १९६१च्या लिलावात क्रमांक १९ आणि २० या रेलकार तिथल्या रेल्वेने घेतल्या. त्यांनी त्या पाठीला पाठ लावून जोडून चालवल्या. एकीचे तोंड जाण्याच्या दिशेला, दुसरीचे येण्याच्या. फिरवण्याचे कामच संपले.

कल्ट्राहून बेलफास्ट, तिथून समुद्राच्या कडेकडेने जाणाऱ्या रेल्वेने डेरी, आणि डेरीहून रस्त्याने स्ट्रॅबेन. एके काळी इथे ग्रेट नॉर्दर्नचे ब्रॉडगेज स्थानक आणि डोनेगलचे नॅरोगेज स्थानक शेजारी शेजारी होते. प्रवासी पादचारी पुलावरून गाडी बदलत, माल एका डब्यातून दुसऱ्यात भरावा लागे. आयर्लंडची फाळणी झाली तेव्हा सीमा या मार्गाला छेदून गेली आणि १९२३पासून सीमाशुल्काची तपासणी सुरू झाली. स्ट्रॅबेन उत्तरेत राहिले, पुढचे कॅसलफिन दक्षिणेत. गाडीला गेज बदलण्याचा खोळंबा होताच, त्यात कस्टमच्या खोळंब्याची भर पडली. रस्त्यावरच्या मालमोटारींशी स्पर्धा करणाऱ्या रेल्वेला हे दोन्ही जड गेले.

स्ट्रॅबेनपासून किलीबेग्जपर्यंत जुना रेल्वेमार्ग सुमारे पन्नास मैलांचा. हा भाग मोटारीने, जागोजागी थांबत करावा. स्ट्रॅनोर्लर हे रेल्वेचे मुख्यालय, कारखानाही इथेच. स्ट्रॅबेन ते स्ट्रॅनोर्लर हा टप्पा १८६३मध्ये ब्रॉडगेज म्हणून सुरू झाला होता. पुढचा नॅरोगेज वाढत गेला तेव्हा १८९४मध्ये त्याचेही नॅरोगेज करून टाकले. स्ट्रॅनोर्लरनंतर रस्ता चढू लागतो आणि बार्न्समोरची खिंड येते. दोन्ही अंगांना उघडे, तपकिरी डोंगर. रस्ता खिंडीच्या तळातून जातो आणि जुन्या मार्गाची आडवी रेघ वर डोंगराच्या अंगावर कोरलेली दिसते. पुढे उतरत उतरत डोनेगल गाव.

डोनेगलच्या जुन्या स्थानकाच्या इमारतीत आता डोनेगल रेल्वे हेरिटेज सेंटर आहे. स्थानिक लोकांनी जुनी छायाचित्रे, पाट्या, तिकिटे, कंदील जपून ठेवले आहेत. मॉडेल करणाऱ्याने इथे निवांत वेळ काढावा. मोठ्या यंत्रांची मापे पुस्तकांत मिळतात, पण फलाटावरचा बाक किती उंच होता, कंदिलाची काच कोणत्या रंगाची होती, हे इथेच कळते. कागदोपत्री माहितीसाठी दोन आधार भक्कम आहेत. एक, एडवर्ड पॅटरसन यांचा या रेल्वेवरचा १९६२मधला ग्रंथ. दुसरा, ऑर्डनन्स सर्व्हेचे ‘पंचवीस इंची’ नकाशे. मैलाला पंचवीस इंच, म्हणजे १ : २५००. या नकाशावर प्रत्येक रूळ, प्रत्येक छप्पर, प्रत्येक कुंपण काढलेले असते आणि टर्नटेबल एका छोट्या वर्तुळाने दाखवलेले असते. सात मिलिमीटरच्या प्रमाणासाठी नकाशा साधारण सत्तावन्न पट मोठा करावा लागतो. नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर अडीच मीटर आणि मॉडेलमध्ये सत्तावन्न मिलिमीटर.

डोनेगल ते किलीबेग्ज हा खरा शाखामार्ग. माउंटचार्ल्स, इनव्हर, डंकिनीली, ब्रकलेस, आर्डारा रोड अशी स्थानके. यातले आर्डारा रोड नावापुरते. आर्डारा गाव तिथून पुष्कळ दूर. रस्त्याच्या डावीकडे डोनेगलचा उपसागर कधी दिसतो, कधी टेकाडांआड जातो. डंकिनीलीपाशी सेंट जॉन्स पॉइंटची लांब, चिंचोळी पट्टी समुद्रात घुसते आणि तिच्या पलीकडे मॅकस्वाइनचा उपसागर उघडतो. जुन्या स्थानकांच्या काही इमारती आता लोकांची घरे आहेत. त्या रस्त्यावरूनच पाहाव्यात. मार्ग बांधताना पैसा वाचवायचा होता, म्हणून तो टेकड्या फोडत न जाता त्यांना वळसे घालत गेला. स्थानके गावांपासून दूर पडली. रेलकार आल्यावर हा दोष बराच भरून निघाला. गाडी हलकी, थांबायला आणि निघायला वेळ न लागणारी. तिला पायऱ्या असत, त्यामुळे फलाटाची गरज नसे. रस्त्याचे फाटक आले की तिथे माणसे चढत, उतरत. गरज पडली की मागे एखादा मालडबाही जोडत.

किलीबेग्ज येते ते बंदरावरच्या बोटींच्या निळ्या-लाल रांगांनी. तिन्ही बाजूंनी जमिनीने वेढलेले हे खोल, नैसर्गिक बंदर आज आयर्लंडमधले मासेमारीचे सर्वांत मोठे बंदर आहे. बांगडा आणि हेरिंग पकडणारे प्रचंड ट्रॉलर धक्क्याला लागलेले असतात. १५८८मध्ये स्पॅनिश आरमारातले ‘ला हिरोना’ हे जहाज दुरुस्तीसाठी इथेच थांबले होते. १८९८मध्ये अलेक्झांडर मॉर्टन यांनी इथे हातगाठीच्या गालिच्यांचा कारखाना सुरू केला आणि डोनेगलचे गालिचे जगभर गेले. मासे बाहेर जायचे आणि कोळसा, पीठ, लोकर, बाजारहाट आत यायचा, त्या सगळ्याला या स्थानकाचा आधार होता.

रूळ कधीच उचलले गेले आणि यार्डाची जागा बंदराच्या पसाऱ्यात मिसळून गेली. तरीही इथे उभे राहिल्याशिवाय मॉडेल नीट होत नाही, असे मला ठामपणे वाटते. जमिनीचा उतार, पाण्याची पातळी आणि डोंगरांची उंची नकाशावर हाताला लागत नाही. स्थानकाला पाण्याच्या काठाची चिंचोळी सपाट पट्टी मिळाली होती. मागे चढण, पुढे समुद्र. म्हणून सगळे लांबट आणि एकमेकांना खेटून: फलाट, गाडीला वळसा घालून इंजिन पुढे आणायची दुसरी लाइन, मालाची शेड, इंजिनाची शेड, टर्नटेबल आणि धक्क्याकडे जाणारा रूळ. मॉडेलसाठी मोकळ्या जागा थोड्या छाटता येतात, इमारतींमधले अंतर कमी करता येते. पण वळशाच्या लाइनची लांबी आणि टर्नटेबलाचा व्यास यांना हात लावायचा नाही. गाडीची लांबी त्यांनीच ठरवलेली असते.

रंगही जागेवरच कळतात. जुनी छायाचित्रे बहुतेक काळी-पांढरी. रेलकारचा तांबडा आणि मलईसारखा रंग कल्ट्रामध्ये पाहून टिपता येतो, पण धक्क्याच्या दगडाचा रंग इथेच पाहायला हवा. खाली सतत ओला, शेवाळाने काळपट पट्टा, त्यावर भरतीच्या रेषेपर्यंत तपकिरी समुद्री गवत, वर फिकट राखाडी कोरडा दगड. पावसाळी हवेत लाकडी स्लीपर तपकिरी न राहता चांदीसारखे करडे पडतात. डांबरी काळा रंग इथल्या निसर्गात जवळजवळ नाहीच.

आता टर्नटेबल. दगडी भिंतीचा गोल खड्डा, मध्यभागी भक्कम खुंट, त्यावर लोखंडी तुळयांचा पूल आणि पुलावर रूळ. जुन्या पद्धतीच्या टेबलाचे सगळे रहस्य तोलात असते. वाहन अशा जागी उभे करायचे की त्याचा भार मधल्या खुंटावर यावा. तराजूची दोन्ही पारडी सारखी झाली की बोटानेही दांडी हलते, तसे मग माणसे नुसत्या रेट्याने कित्येक टनांचे वाहन फिरवतात. वॉकर पद्धतीच्या रेलकारमध्ये इंजिनाचा भाग पुढे असल्याने भार मध्यावर नसतो, पुढे सरकलेला असतो. त्यामुळे अशी गाडी पुलाच्या बरोबर मध्यात उभी करून चालत नाही, थोडी मागे ठेवावी लागते. फिरवून झाले की पुलाच्या टोकाचा अडसर समोरच्या खाचेत सरकवायचा, म्हणजे रूळ एका रेषेत येऊन पक्के होतात.

मॉडेलमध्ये हे करताना मी खड्डा प्लायवुडच्या थरांमधून कापला आणि आतून कोरीव दगडी भिंत लावली. खुंटाच्या जागी पितळी नळीत बसवलेले बॉल बेअरिंग. पूल पितळी पत्र्याचा, डाख देऊन जोडलेला. फुटाला सात मिलिमीटर, म्हणजे चाळीस फुटी टेबलाला २८० मिलिमीटर. खालून छोटी मोटर आणि वर्म गिअर, म्हणजे गती अगदी मंद राहते आणि थांबल्यावर पूल आपोआप सरकत नाही. पण गिअरच्या दातांमध्ये नेहमी थोडी मोकळीक असते आणि रुळाची अर्ध्या मिलिमीटरची चूकही चाकाला खाली उतरवते. म्हणून खऱ्या टेबलाचा अडसर इथेही हवा. पितळी खिळा समोरच्या नळीत शिरतो, रूळ जुळवतो आणि त्याच खिळ्यातून पुलाला वीज मिळते.

विजेचा प्रश्न खऱ्या टर्नटेबलाला नसतो, मॉडेलला असतो. दोन रुळांमधून एकदिश वीज जाते, एक रूळ धन, दुसरा ऋण. पूल अर्धा फिरला की डावा रूळ उजवीकडे येतो आणि जोडताच शॉर्ट सर्किट होते. उपाय साधा आहे. वीज खालूनच द्यायची असेल तर खुंटाभोवती पितळी कडे दोन अर्धवर्तुळांत कापून बसवायचे आणि त्यावर दोन पत्त्या टेकवायच्या. पूल मध्यावर येतो तेव्हा पत्त्या फटीवर असतात, वीज बंद. पुढे गेला की धन आणि ऋण आपसूक बदललेले असतात. कड्यातली फट मात्र ज्या दिशेला कोणताही रूळ लागत नाही अशाच दिशेला ठेवावी. अडसर वापरला तर समोरची नळीच योग्य रुळाला जोडलेली असते आणि काम आणखी निर्धोक होते.

किलीबेग्जहून परतताना उत्तरेकडे फिनटाउनला जायला विसरू नये. लॉक फिन सरोवराच्या काठाने, एके काळी ग्लेन्टीजला जाणाऱ्या फाट्याच्या जागेवर, हौशी लोकांनी तीन फुटी रूळ पुन्हा घातले आहेत आणि डोनेगलची क्रमांक १८ची रेलकार तिथेच आहे. संग्रहालयात गाडीचा आकार कळतो, पण ती मोकळ्या रानात, डोंगर आणि पाण्याच्या मध्ये किती लहान दिसते, हे इथे आल्यावर डोळ्यांत भरते. वाफेची काही इंजिनेही वाचली. रेल्वे बंद पडल्यावर एका अमेरिकन खरेदीदाराने ती घेतली. समुद्रापार नेण्याचा खर्च झेपला नाही म्हणून ती इथेच राहिली आणि भंगारातून सुटली.

मॉडेल कसे झाले हे ओळखायची माझी कसोटी एकच आहे: त्यावर काम करता येते का? माझ्या किलीबेग्जवर ते असे चालते. भिंतीपलीकडच्या लपवलेल्या यार्डातून रेलकार येते, मागे एक डबा आणि एक मालडबा. फलाटाला लागते. रेलकार सुटते, टर्नटेबलावर जाते, तोलाच्या खुणेशी थांबते, अर्धे वर्तुळ फिरते. मग वळशाच्या लाइनने मागच्या बाजूला येते, मालडबा ओढून शेडकडे नेते, भरलेला मालडबा डब्याला जोडते आणि सरळ तोंडाने परत निघते. यातले एकही पाऊल टाळता येत नाही. यार्डात कोणता सांधा कुठे आहे आणि का आहे, याचे उत्तर या क्रमात मिळते. घाई केली तर गाडी जागच्या जागी अडते.

म्हणूनच शेवटच्या स्थानकाचे मॉडेल करू पाहणाऱ्यांना माझे सांगणे आहे की इमारतीपासून सुरुवात करू नका. तिथे कोणते वाहन येत होते, ते परत कसे जात होते, आणि त्यासाठी किती माणसे व किती जागा लागत होती, हे आधी शोधा. डोनेगलच्या या रेल्वेकडे पैसा नव्हता. जुन्या बस, दुसऱ्यांच्या टाकून दिलेल्या गाड्या आणि हाताने फिरवायचे टेबल यांच्या बळावर तिने आपल्या लोकांची तीस वर्षे आणखी सेवा केली. ही काटकसर छायाचित्रात दिसत नाही, स्मारकावरच्या पाटीवरही मावत नाही. रेलकार स्वतः वळवून, डबा स्वतः जोडून पाहिला की ती हाताला कळते. त्यासाठी एवढा प्रवास आणि एवढे बारीक काम करावे, अशी तिची योग्यता आहे.